कारखानिसांच्या मनाने मारलेला पट

सोनगिरीच्या जिमखान्यात गोल्फ खेळायला उभं राहिलं, की पहिल्या फटक्याआधी खेळणाऱ्याचं मन बाहेर येतं आणि शेवटच्या होलपर्यंत त्याच्या शेजारून चालतं. कोणी म्हणतं हवेचा गुण, कोणी म्हणतं टेकडीचा. जिमखान्याने मनांना वेगळी फी कधी लावली नाही. पायात बूट मात्र हवेत, आणि खेळ संपल्यावर मनांनी मागच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून चहा घ्यायचा. सभासद पुढच्या व्हरांड्यात बसतात. चहा दोन्हीकडे सारखाच असतो.

प्रभाकर कारखानीस पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. उभी हयात पाणी अडवण्यात आणि सोडण्यात गेली, पण त्यांचं मन पाण्याला घाबरायचं. भर मे महिन्यात ते कानटोपी घालून यायचं. गळ्यात मफलर आणि काखेत छत्री. सातव्या होलपाशी तळं आहे. तिथे कारखानिसांनी काठी उचलली, की ते मागून म्हणायचं, “प्रभ्या, तळं.”

प्रभ्या हे नाव शाळा सुटल्यापासून दुसऱ्या कोणी घेतलं नव्हतं. चेंडू तळ्यात जायचा.

इतरांची मनं बघितली की कारखानिसांचा जीव आणखीच चडफडायचा. दातांचे डॉक्टर बाविसकर यांचं मन पांढरे बूट आणि कडक इस्त्रीची पँट घालून दोन पावलं मागून चालायचं. ते बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. जिमखान्याचा कप वर्षानुवर्षं बाविसकरांच्या दिवाणखान्यात होता, यात नवल ते काय? कारखानीस आपल्या मनाची ओळख करून द्यायचंच टाळायचे. एकदा कोठावळे नावाच्या नव्या सभासदाने कानटोपीकडे बोट दाखवून विचारलं, “हे कोणाचं हो?” कारखानीस म्हणाले, “असेल कोणाचं तरी.” मन शेजारीच उभं होतं. त्याने मफलर नीट केला आणि मागच्या व्हरांड्याकडे निघून गेलं.

खरी फजिती व्हायची ती शेवटच्या हिरवळीवर. चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या हलक्या फटक्याला पट म्हणतात. शेंबडं पोरही मारील असा हातभर अंतरावरचा पट कारखानीस दर वर्षी चुकवायचे. ते वाकले की मन म्हणायचं, “मागच्या वर्षीसारखं नको हं.” आणि अगदी मागच्या वर्षीसारखंच व्हायचं. व्हरांड्यातले लोक तेवढ्यापुरते चहाचे कप खाली ठेवून बघायचे.

यंदा अंतिम सामना बाविसकर आणि कारखानीस यांच्यात लागला. त्या सकाळी मन पुष्कळच बेताने वागलं. तळ्यापाशी “प्रभ्या, तळं” म्हणालं, पण जरा सांभाळून, आणि चेंडू चक्क पलीकडे जाऊन पडला. कारखानीस आणि मन, दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चेंडू दुसऱ्याच कोणाचा असावा असं दोघांनाही वाटलं.

शेवटच्या होलला कारखानीस एका होलने पुढे होते. बाविसकरांचा चेंडू होलमध्ये जाऊन बसला होता. कारखानिसांचा हातभर अंतरावर थांबला होता. तो आत गेला तर कप कारखानिसांचा. हुकला तर बरोबरी, आणि बरोबरीत कप गेल्या वर्षीच्या विजेत्याकडेच राहतो, अशी तिथली रीत आहे. व्हरांड्यात चहाचे कप खाली ठेवल्याचे आवाज आले.

कारखानीस काठी घेऊन चेंडूपाशी गेले. तेवढ्यात बाविसकर म्हणाले, “राहू द्या, कारखानीस. दिला मी.”

समोरच्याने पट ‘दिला’ म्हटलं, की तो मारायचा नसतो. गेलाच असं धरून चेंडू उचलायचा.

“अहो डॉक्टर, पण कप जाईल तुमचा,” कारखानीस म्हणाले.

“जाऊ दे हो. माझ्या कपाटात जागा तरी कुठे आहे? आणि खरं सांगू, तुम्हाला पुन्हा तो चुकवताना नाही बघवत मला.”

बाविसकर हे मनापासून बोलले, आणि तेच जास्त लागलं. तरी कारखानीस चेंडू उचलायला वाकले. वाकले आणि समोर त्यांना बूट दिसले. मन चेंडूपाशी येऊन उभं होतं.

“मी घेत नाही,” मन म्हणालं.

“गप रे. कप मिळतोय.”

“तू घे. मी नाही घेणार.”

जिमखान्याच्या सेक्रेटरी देवस्थळीबाई हिरवळीवर आल्या. नियम स्पष्ट होता. दिलेला पट खेळाडूने आणि मनाने, दोघांनीही स्वीकारावा लागतो. पूर्वी सरपोतदार नावाच्या सभासदाने मनाला न विचारता चेंडू उचलला, तर त्यांचं मन हिरवळीवरून हलेना. ते दिवाळीपर्यंत तिथेच उभं होतं, माळी त्याच्या भोवतीने गवत कापायचा. सरपोतदार तेवढ्या काळात सोसायटीचे चेअरमन झाले. तेव्हापासून जिमखान्याने हा नियम केला.

“तुमचं कारण काय?” देवस्थळीबाईंनी मनाला विचारलं.

“कीव म्हणून दिलेला आहे. मारून चुकला तर आमचा चुकला. असा घेतला तर तो कधीच आमचा नाही.”

“पण तुला तर याचीच भीती वाटते ना?” कारखानीस म्हणाले.

“वाटते ना. रात्र रात्र वाटते. तुला वाटत नाही एवढी मला वाटते. म्हणून मारायचाय.”

“मी मारायला लागलो की तू बोलतोस.”

“बोलतो. मला राहवत नाही. तेव्हा आज मी मारतो आणि तू गप्प राहा.”

देवस्थळीबाईंनी क्षणभर विचार केला. मनाच्या पायात बूट आहेत हे त्यांनी पाहिलं आणि मान डोलावली. बाविसकरांची हरकत नव्हती.

मनाने छत्री कारखानिसांकडे दिली, कानटोपी वर सरकवली आणि काठी हातात घेतली. काठी थरथरत होती. गुडघेही थरथरत होते, आणि ते लपवायची त्याने काही खटपट केली नाही. कारखानीस बाजूला उभे होते. उतार उजवीकडे आहे, हे त्यांच्या ओठांवर आलं. हलक्या हाताने मार, हेही आलं. मागच्या वर्षीसारखं नको हं, हेसुद्धा आलं, आणि ते जिभेवर आलेलं बघून ते हबकले. त्यांनी छत्रीची मूठ दातांत धरली आणि एक अक्षर बोलले नाहीत.

मनाने पट मारला. चेंडू सरळ गेला, होलच्या कडेवर चढला, कडेकडेने अर्धा फिरला आणि बाहेर येऊन थांबला.

व्हरांड्यात कोणीतरी “च्च” केलं. बाविसकरांनी टोपी काढली. त्यांच्या मनाने प्रथमच दोन पावलं पुढे येऊन चेंडूकडे निरखून बघितलं.

मन मान खाली घालून उभं होतं. कारखानीस त्याच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्याच्यापुढे पाय लटपटले ते काम लटपटत्या पायांनीच, सगळ्या गावासमोर, फुकट मिळालेला कप सोडून त्याने केलं होतं. नोकरीत असताना कालव्यात पहिलं पाणी सोडलं तेव्हासुद्धा कारखानिसांची छाती एवढी भरून आली नव्हती.

“कडेला लागला रे,” ते म्हणाले. “कडेला लागला!”

कप बाविसकरांच्या कपाटात परत गेला. मन सवयीने मागच्या व्हरांड्याकडे निघालं. कारखानिसांनी त्याचा मफलर धरला आणि त्याला पुढच्या व्हरांड्यात आणून आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. कोठावळे टेबलापाशी होतेच. त्यांनी कानटोपीकडे बघून पुन्हा विचारलं, “हे कोण?”

“हे आमचं मन,” कारखानीस म्हणाले. “शेवटचा पट यानेच मारला.”

“अरे वा! गेला?”

“हुकला,” कारखानीस म्हणाले, इतक्या खणखणीत आवाजात की मागच्या बाकावरची सगळी मनं वळून बघू लागली.

देवस्थळीबाईंनी मनासाठी चहाचा दुसरा कप मागवला. कारखानिसांनी खुशीत आपल्या चहात एक चमचा साखर घातली आणि दुसरा भरून घेतला.

“प्रभ्या, साखर,” मन हळूच म्हणालं.

कारखानिसांनी चमचा परत ठेवला.