हाताला का बुडाला?

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांना वाटतं, याला सगळं लिहिता येतं. आणि कॉलेजातल्यांना मी काही लिहितो याचा पत्ताच नाही. एका जिवंत माणसाबद्दल लिहायचा मला काय अधिकार, हेही मला नक्की ठाऊक नाही. म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिव की. पन गारीचं आदी लिव, माजं मागून." तेव्हा गाडीपासूनच सुरुवात करतो. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ते म्हणजे हसुराम घरत, शिरवण्यातले आमचे घरमालक. सगळे त्यांना हसूनाना म्हणतात. खाली ते एकटे राहतात, वर आम्ही भाडेकरू. माणसं भेटली की एकमेकांना "काय, बरंय ना?" असं विचारतात. हसूनाना मात्र गेले काही महिने भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत होते, "हाताला का बुडाला?"

पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकायचा. मी जिन्यात दचकलो होतो, दुधाची पिशवी घेऊन. नानांनी माझा दंड धरला, थेट गाडीत बसवलं आणि उलव्याच्या पुढे, जिथे उरणचा रस्ता मोकळा होतो तिथे नेलं. काटा ऐंशीच्या वर गेला आणि सगळी गाडी थरथरायला लागली. माझ्या हातातलं दूधही.

"सांग आता! हाताला का बुडाला?"

नानांचा सिद्धांत असा की थरथर स्टिअरिंगवर हाताला लागली तर दोष पुढच्या चाकात, आणि सीटवर बुडाला लागली तर मागच्या. मी नंतर मेकॅनिकलच्या एका मित्राच्या पुस्तकात पाहिलं, सिद्धांत बरोबर आहे. फक्त पुस्तकात तो इतक्या मोकळेपणाने लिहिलेला नाही.

"बुडाला," मी लाजत म्हणालो.

"मना पन बुडालाच," नाना म्हणाले. एक साक्षीदार मिळाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

त्या दिवसापासून त्यांनी मला 'कालेज' म्हणायला सुरुवात केली. "ए कालेज, तुज्या पुस्तकात बग ना कं लिवलंय."

"नाना, मी कॉमर्सला आहे."

"त्याच्यात गारी येत नाय?"

"नाही."

"मंग तीन वर्सं कं शिकवतान?"



गल्लीत प्रत्येकाचं निदान वेगळं होतं. कुणी म्हणालं इंजिन, कुणी म्हणालं रस्ता. समोरच्या जनाकाकूंनी नजर लागली म्हणून पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. नानांनी ती सोडून मागे बांधली. "हालतं पाठी आनि लिंबू पुडं? असं कवा उतरल?" गॅरेजवाल्याची अडचण निराळीच. तो गाडी गॅरेजच्या आसपास फिरवायचा. तिथल्या ट्रकांच्या गर्दीत चाळीसच्या वर जाता येत नाही आणि चाळीसला गाडी लोण्यासारखी चालायची. "नाना, गाडी एकदम ओके आहे. तरी एकदा व्हील बॅलन्सिंग करून घ्या," तो म्हणायचा. नाना हात झटकायचे. "नवीन टायर घातलं तवाच झायलंय ते. झायलेलं काम परत कनाला?"

गाडीत नानांची उपकरणंही होती. डॅशबोर्डवर पाण्याचा पेला. आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला, खाली गोधडी घालून, सीटबेल्ट लावून बसवलेला पाण्याने भरलेला हंडा. पेला किती हलतो ते नाना बघत, हंडा किती हलतो ते मी मागे वळून ओरडून सांगायचं. एकदा सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी पट्टा लावलेल्या हंड्याकडे टक लावून पाहिलं. नानांनी काच खाली केली आणि शांतपणे सांगितलं, "पोर हाय माजी."

मला तो विनोद वाटला होता. विनोद नव्हता.

नानांची एकुलती एक मुलगी कविता उरणला दिली आहे. तिचं पहिलं बाळंतपण. पहिलटकरीण माहेरी येते आणि तिला बाप आणायला जातो, ही आमच्याकडेही रीत आहे. पण नानांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. सासरच्यांनी अदबीने सुचवलं की तुमच्या घरी बाईमाणूस नाही, इथेच होऊ दे. नाना म्हणाले, "आनायला मी येतंय." जावई म्हणाला, मी माझ्या गाडीने सोडतो. नाना म्हणाले, "ती जावयाची गारी. मी बाप हाय."

सातव्या महिन्यात आणायची, तर गाडी थरथरायला लागली. हलत्या गाडीतून पोटुशी मुलगी आणायची नाही, हे नानांनी ठरवून टाकलं. आठव्यात हलवत नाहीत. राहिला नववा. नववा लागला की लगेच आणायची आणि त्याच्या आत गाडी शांत व्हायला हवी, एवढंच नानांच्या जिवाला लागलं होतं. ती बसणार मागे, डाव्या बाजूला. हंडा तिच्या जागी बसला होता.

तयारी सगळी झाली होती. खालच्या खोलीला रंग दिला होता. डिंकाचे लाडू कसे करतात ते मोबाईलवर बघून नानांनी केले होते. पहिल्या घाण्यातला एक मला दिला. मी तो अडकित्त्याने फोडला, पण हे त्यांना सांगितलं नाही.

मी एकदा घाबरत विचारलं, "नाना, नक्की कधीपासून हलायला लागली?"

"पोरीला बोईटं द्यायला गेलू तवापासून. तिला डोहाले लागलं ना खाडीच्या बोईटाचं. बाजारची नको बोलते, बाबानं मारलेली पायजेत. मंग म्हनलं, पाग काडू. जुना झायलेला, रफू करून घेतला."

बोईटं म्हणजे खाडीतले मासे आणि पाग म्हणजे ते धरायला फेकायचं गोल जाळं. त्याच्या काठाला वजनासाठी शिसं लावलेलं असतं. दर रविवारी नाना पाग मारायचे, कालवण करायचे आणि डबा घेऊन उरणला जायचे. गाडीला येणारा वास या डब्याचा, हे मला तेव्हा कळलं. थरथरीचं मात्र कळलं नाही.

ते कळलं परीक्षेच्या दिवसांत. मी गच्चीवर अभ्यास करत होतो, कठड्यावर पाग वाळत होता. वारा सुटला आणि जाळ्याची कड उडून माझ्या बोटांवर आदळली. बोटं चोळत मी पाहिलं. काठाची सगळी शिसं गोल होती, पण एका जागी तीन तुकडे चपटे होते, जरा वाकडे, मागे हूक असलेले आणि वर अंक छापलेले. तसलंच चित्र मी मित्राच्या पुस्तकात पाहिलं होतं.

खाली जाऊन गाडीची चाकं बघितली. तीन चाकांच्या रिमला तसे तुकडे होते. मागचं डावं चाक, जे पार्किंगमध्ये नानांच्या ओट्याकडे येतं, ते मोकळं होतं.

नाना ओट्यावर लसूण सोलत बसले होते.

"नाना, राग येणार नाही ना? पागाला ते चपटं शिसं कुठून लावलंत?"

"ते? चाकाला चिकटलेलं. टायरवाला इसरून गेलेला. मना पागाला तीन कमी होती, म्हनलं फुकट कनाला घालवायची?"

"ते विसरलेलं नव्हतं, नाना. चाक सगळीकडून सारखं भारी असावं म्हणून लावतात. तेच बॅलन्सिंग."

नानांनी हातातली पाकळी खाली ठेवली. चाकाकडे पाहिलं. मग वर गच्चीकडे. मला वाटलं, आता भाडं वाढलं. पण ते एकदम खो खो हसायला लागले.

"म्हंजे पोरीला बोईटं चारली आनि पोरीचीच गारी हालवली! वा रं बाप!"

त्याच दुपारी टायरवाल्याने नवीन तुकडे लावून दिले. जुने पागावरून काढायला नाना तयार नव्हते. "जाल्यात राव दे. ती हितं आल्यावर पन खायेल ना."

आम्ही लगेच उरणच्या रस्त्याला लागलो. ऐंशी. नव्वद. पेला शांत, हंडा शांत. "हाताला?" "नाही." "बुडाला?" "नाही, नाना!" त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. नववा लागलाच होता.

सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी उभे होते. हंडा काढून गोधडी झटकून परत अंथरली होती. तेवढ्यात जावयाचा फोन आला. पहाटेच कळा सुरू झाल्या, तिथल्याच दवाखान्यात नेलं, मुलगी झाली. दोघी सुखरूप.

नाना हसले. सगळ्या गल्लीला हाका मारून सांगितलं, जनाकाकूंच्या हातावर साखर ठेवली. मग गर्दी पांगली तेव्हा मी पाहिलं, ते मागचं दार उघडून त्या गोधडीवर स्वतःच बसले होते. "तिची आय असती तं," ते म्हणाले, "बोलली असती, रिक्षा करून आना, पन आना. मना कोन बोलायला नव्हता." मी शेजारी जाऊन बसलो.

थोड्या वेळाने ते उठले आणि घरात गेले. हंडा भरून आणला, जागेवर बसवला, पट्टा लावला. परत आत गेले. या वेळी बाहेर आले ते एक छोटी लोटी घेऊन. तीही पाण्याने भरलेली. ती त्यांनी हंड्याला टेकवून ठेवली आणि टॉवेलने चारी बाजूंनी नीट गुंडाळली.

"चल कालेज. आता दोगी हायत."

बारसं उरणलाच झालं. त्यानंतर माहेरी पाठवायला सासरची माणसं आनंदाने कबूल झाली. माझा पेपर होता, म्हणून मला जाता आलं नाही. पेपर देऊन बाहेर पडतो तोच नानांचा फोन. आवाज अगदी बारीक, कानात बोलल्यासारखा.

"कालेज, निगालो आमी. दोगी पाठी झोपल्यान. चहाला थांबलोय, म्हनलं तुना सांगू. हाताला नाय, बुडाला पन नाय. जरा पन नाय."

"मस्तच! कितीवर चालवताय, नाना?"

"चालीस."

"अहो नाना, चाळीसला तर ती आधीपण हलत नव्हती!"

"हलू बोल," नाना कुजबुजले, "बारकी उटल."