चलानाची वाट पाहणारे देवाजीभाऊ

चलान निघालं की लोक माझ्या दुकानात येऊन रडतात. देवाजीभाऊ चलान निघालं नाही की तोंड पाडून बसतात.

वरोऱ्यात चंद्रपूर रोडच्या चौकाला माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा काढा, वीजबिल भरा, झेरॉक्स मारा, आणि हल्ली सगळ्यात जास्त म्हणजे गाडीचं चलान भरा. कुठल्यातरी कॅमेऱ्यानं फोटो मारलेला असतो, मोबाइलवर मेसेज येतो आणि माणूस तणतणत माझ्याकडे, जसा काही फोटो मीच काढला! "बाई, हेल्मेट घरी होतं, डोकसं इथी होतं, दोन्ही एका टायमाले कसे आनू?" असं विचारणारे महाभागही आहेत. मग बाकड्यावर परिषद भरते. हे सगळं जीव वाचवायला चाललंय की तिजोरी भरायला, यावर चहाचे कप रिकामे होतात. भरतं मात्र कोणी खुशीनं नाही.

आणि यात बाजाराच्या दिवशी देवाजीभाऊ येणार. हातात पिशवी, डोक्याला पांढरा दुपट्टा. एका ट्रकचा नंबर सांगणार आणि म्हणणार, "पाह्य बाई, माह्या नावानं काही आलं का?"

मी पाहते. काहीच नसतं.

"बराबर पाह्य. जुनंही पाह्य."

"नाही हो भाऊ! तो ट्रक भंगारात जाऊन जमाना झाला. मेलेल्या गाडीले कोण चलान पाठवते?"

"अस्सं," म्हणून ते असे उठतात की बघणाऱ्याला वाटावं, मीच त्यांचं काही दाबून ठेवलंय.

देवाजीभाऊ आमच्याच वॉर्डातले. आधी माजरीकडून कोळशाचा ट्रक चालवायचे. एक दिवस स्टेअरिंग सोडलं ते सोडलंच. आता लुनावर फिरतात आणि रस्त्यावरचे गोटे उचलतात. दुसरा धंदा नाही. बिघडलेल्या ट्रकच्या मागे ड्रायव्हर लोक गोटे मांडून पळसाची फांदी ठेवतात, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. गाडी दुरुस्त झाली की फांदी वाऱ्यानं उडते, ट्रक निघून जातो आणि गोटे राहतात तिथंच. ते उचलायला देवाजीभाऊ कुठंही थांबतात. एकदा नवरदेवाच्या गाडीपुढं लुना आडवी घातली. वरबाप खाली उतरून शिव्या देतोय आणि हे शांतपणे गोटा उचलून पिशवीत घालताहेत. सगळे गोटे घरच्या अंगणात आणून टाकतात. त्यांच्या गोट्यांवर आमच्या वॉर्डातल्या निम्म्या चुली मांडल्या गेल्या असतील, माझ्या आईची न्हाणी तर नक्कीच.

चौकातल्या लिंबाखाली पोलीस गाड्या अडवायला उभे राहिले की देवाजीभाऊ जाऊन विचारणार, "साहेब, पावत्या फाडून राह्यले ते बेस आहे. पन तिकडच्या वळनावरचा गोटा हालला का?" नवे पोलीस हाकलायचे. जुना हवालदार हसायचा. मला एकदा झेरॉक्स काढताना तो म्हणाला, "भाऊचं खोटं नाई बाई. पावत्या किती केल्या, हे मले रोज संध्याकाळी विचारतेत. गोटे किती उचलले, हे आजवर कोनी विचारलं नाई. पन हेल्मेटानं वाचलेली डोकशीही म्या याच हातानं उचलली आहेत, हेही लिहून ठेवा." मी म्हटलं, मी कशाला लिहू, माझं दुकान आहे.

गेल्या उन्हाळ्यात देवाजीभाऊंना खरंच चलान आलं. लुना भररस्त्यात उभी करून ते वाकलेत, असा फोटो. मी हाक मारून सांगितलं तर चष्मा पुसत पुसत पळत आले! फोटो पाहिला. खाली लिहिलेला गुन्हा मला वाचायला लावला. "वाहतुकीस अडथळा," मी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "हे ते नोहे," म्हणाले.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "ते म्हणजे कोणतं? लोकं देवाले नवस बोलतेत चलान येऊ नये म्हणून, अन् तुमाले काऊन पाहिजे? एकदाचं सांगा, नाहीतर पुढच्या बाजारी येऊ नका!"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. देवाजीभाऊ बाकड्यावर बसले आणि जमिनीकडे पाहत बोलले.

"दिवस बुडून राह्यला होता. टायर फुटला. म्या मांगं गोटे मांडले, फांदी ठेवली. टायर बदलवला अन् तेवढ्यात समोरच्या डायवरचा फोन आला, चेकिंगवाले येऊन राह्यले, निंग लवकर. गाडीत माल जास्त होता. निंगालो. गोटे तसेच. टोलचा रोड होता, मनात म्हनलं, पैसे देल्ले आहेत, उचलन कोनीतरी. वापस आलो तं गर्दी होती. फटफटी पडली होती, मानूस गेला होता. गाड्या जायले जागा पाहिजे म्हनून लोकायनं माहे गोटे बाजूले सारले होते. पोलिसायनं लिहिलं, हेल्मेट नव्हतं. गोट्याचं कोनी लिहिलंच नाई. अन् म्या गाडी थांबवली नाई, बाई."

मी उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.

"ताडपत्री फाटली, पावती. लाइट गेला, पावती. उभ्या जिंदगीत साऱ्यायची पावती फाडली माह्यावर. याची नाई फाडली. त्या मानसाचं घर मले मालूम हाय. वेशीपर्यंत जातो अन् वापस येतो. त्याच्या बायकोले सांगाचं हाय, तोंड उघडत नाई."

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर खेकसणं सोडलं. पण एवढंच. दुसऱ्याचं असलं ओझं आपण कुठं ठेवणार?

मग चौकात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. मांडव, माइक, हार. देवाजीभाऊंनी उभं राहून त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. मांडव हसला. स्टेजवरचे पोलीस साहेबही हसले, आणि गोटे उचलणारे आदर्श नागरिक म्हणून त्यांना वर बोलावून एक कोरं करकरीत हेल्मेट दिलं, फोटोसकट. देवाजीभाऊ ते पोटाशी धरून थेट माझ्या दुकानात.

"बाई, हे म्या कसं घालू? हे त्या घरी नेऊन देतो. त्यायच्यात कोनी गाडी चालवत असन. या निमित्तानं तोंड उघडन माहं. तू संग चाल."

ज्याचा माणूस हेल्मेटावाचून गेला त्याच्या घरी हेल्मेट घेऊन जायचं! शहाणा माणूस असं करेल का? पण त्यांच्या तोंडाकडे पाहून माझ्यानं नाही म्हणवेना. स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाले. वाटेत एक गोटा दिसला, थांबावं लागलं, तो वेगळा वैताग.

माजरीपलीकडचं लहान गाव. अंगणात मोहफुलं वाळत टाकलेली, घरापुढच्या सपरीत एक म्हातारी ती निवडत बसलेली, आणि तिची सून मंदा हरभरा पाखडत होती. मी ओळख दिली. देवाजीभाऊंनी नमस्कार केला आणि एक शब्द न बोलता हेल्मेट पुढं केलं.

मंदाच्या हातातलं सूप खाली पडलं.

"हे काऊन आनलं? कोनी सांगतलं तुमाले?" ती खालीच बसली. मग अनोळखी माणसांपुढे भडाभडा बोलली. तिच्या नवऱ्याचं हेल्मेट कोपऱ्यात पडलेलं असायचं. त्यात कोंबडी अंड्यांवर बसली. तो घ्यायला गेला तर हीच म्हणाली, नका उठवू तिले, पिल्लं निंगू द्या, आजचा दिवस तसेच जा. तो हसत गेला. संध्याकाळी प्रेत आलं. "सारे म्हनतेत, हेल्मेट असतं तं वाचला असता. पोलिसायच्या कागदातही तेच हाय. माह्या सासूनं तवापासून माह्यासंग बोलनं टाकलं. एका घरात दोन चुली आहेत आमच्या. तिचा पोरगा म्या कोंबडीसाठी मारला, भाऊ."

मी देवाजीभाऊंकडे पाहिलं. या वेळी त्यांचं तोंड उघडलं.

"तू नाई मारला, पोरी. रस्त्यात गोटे होते. माह्या गाडीचे. म्या मांडले अन् तसेच सोडून पळालो. तो गोट्यावर पडला."

मला वाटलं, ही आता किंचाळणार, सूप फेकून मारणार. मारलं असतं तर मी मध्ये पडले नसते. मंदा उठली. देवाजीभाऊंचं मनगट तिनं घट्ट धरलं आणि त्यांना ओढत सपरीकडे नेलं.

"हे तिले सांगा."

देवाजीभाऊ पुटपुटले. म्हातारीनं कानाला हात लावला.

"जोरात सांगा! बुढीले ऐकू येत नाई!"

जे एकदा बोलायला त्या माणसाची इतकी वर्षं गेली, ते आता त्याला ओरडून सांगायचं होतं. देवाजीभाऊंनी दुपट्टा काढून हातात घेतला आणि ओरडले, "गोटे माहे होते, माय!" शेजारची बाई कुडाच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. म्हातारीला कळलं नाही. ते पुन्हा ओरडले, "तुह्या पोराले म्या पाडलं! सुनेचा काही गुन्हा नाई! म्या पाडलं वं माय!" शेवटी शेवटी तर आवाज फुटेना, नुसती हवा निघत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

या वेळी म्हातारीला ऐकू आलं. तिच्या मुठीतली मोहफुलं एकेक करून खाली पडली. शिवी नाही, शाप नाही. तिनं मान वळवली आणि सुनेकडे पाहिलं.

"मंदा, पानी दे त्याले. घसा फाटला त्याचा."

मंदा आत धावली आणि रांजणापाशीच भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागली. पाणी शेवटी मीच आणून दिलं.