मला अनकूथ म्हणणारे सर

गवाणकर सर माणसाला नावानं नाही, इंग्रजी विशेषणानं ओळखतात. पिंपळवंडीच्या शाळेतून रिटायर झाले तरी खोड गेली नाही. पोस्टमन 'लेथार्जिक', सरपंच 'पॉम्पस'. सरपंचाला वाटतं, पदवीच मिळाली. माझी शाळा चौथीपर्यंत. पण शिवी कुठल्याही भाषेतली असो, मला देणाऱ्याच्या तोंडावरून कळते.

नातीच्या लग्नाचं आवतण मी सरांना ट्रॅक्टर बंद न करता, कुंपणाबाहेरून ओरडून दिलं. सगळ्या गल्लीला तसंच दिलं का? नाही. बाकीच्यांच्या घरात गेलो होतो. पण सर एकटे, त्यात कोकणातले. त्यांना कसला मान? संध्याकाळी पारावर चार माणसांत सर म्हणाले, "कोंडिभाऊ, तुम्ही अनकूथ आहात." लोक हसले. माझं टाळकंच फिरलं.

सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, शब्द मागं घ्या, नायतर लग्नात पाय ठेवू नका.

सरांनी उशीएवढी डिक्शनरी आणली आणि दारात उभं राहून तासच घेतला. शब्द लई जुना म्हणे. मुळात अर्थ एवढाच, की अनोळखी, कुणाला ठाऊक नसलेला. मग झाला परका. मग विचित्र. शेवटी लोकांनी त्याला अडाणी, धसमुसळा करून ठेवला.

मी म्हणालो, "आमच्या सात पिढ्या हितल्या. अनोळखी मी न्हाई, तुमी. तीस वरसं ऱ्हायलात, कोण वळखतं तुमाला?"

सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "खरंय. इतकी लग्नं जेवलो, पण चूलबंद आवतण मला एकानंही दिलं नाही."

चूलबंद म्हणजे, घरातली चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडंच जेवायचं. एकट्या माणसाला ते कोण देतं?

मला जास्तच राग आला. एवढं मनात होतं तर मराठीत बोलायला काय धाड भरली होती? चपला काढल्या, आत घुसलो, खिशात उरलेल्या अक्षता त्यांच्या हातावर आपटल्या.

"चूलबंद हाय, सर. घरचे समदे या."

शब्द त्यांनी मागं घेतला नाही. नुसते वळले, आणि स्टोव्हवर एका माणसाचा भात रटरटत होता, तो स्टोव्ह विझवला.

लग्नाला अजून चार दिवस होते.