थायलंडहून थेट करकंबला

"व्हिसा? आपल्याला लागतच न्हाय! थायलंडवाले म्हंत्यात, नुसतं या!"

भवानी पेठेतले टॉवेलचे व्यापारी गुरप्पा महिनाभर दिसेल त्याला हे ऐकवत होते. धंद्यातली मंडळी सहलीला निघाली होती आणि गुरप्पा जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते. सोलापुरात नळाला पाणी यायला चार-पाच दिवस लागतात, फ्लेक्स मात्र तासाभरात लागतो! चौकात गुरप्पा झळकले. डोळ्यांवर गॉगल, मागे हत्ती, खाली 'थायलंड अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' कसला अभ्यास, असं बायकोनं, दानेश्वरीनं, विचारून पाहिलं. गुरप्पा गॉगल पुसत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी ट्रॅव्हल्सवाला नईम पासपोर्ट बघायला आला आणि मटकन खालीच बसला.

"मालक, ये क्या किया?"

"लॅमिनेशन! रेशन कार्ड, आधार, लग्नपत्रिका... आपल्या घरात एक कागद उघडा न्हाय!"

पासपोर्टची शिलाई उसवून पान न् पान प्लास्टिकमध्ये घातलं होतं. वर स्पायरल बाइंडिंग!

"व्हिसा नको, पण शिक्का तर मारतात ना! प्लास्टिकवर कुठं मारणार? मालक, हे हॉटेलचं मेनूकार्ड झालं!"

गुरप्पा पासपोर्टच्या हापिसात धावले.

"सायेब, संध्याकाळपर्यंत नवा द्या. चौकात फ्लेक्स लागलाय!"

साहेबांनी स्पायरल उलटसुलट करून पाहिलं. "हा बाद झाला. नव्यानं अर्ज करा. जन्माचा, नागरिकत्वाचा पुरावा आणलाय?"

गुरप्पांनी जन्मदाखला काढला. लॅमिनेट केलेला! शाळेचा दाखला काढला. तोही तसाच!

"खरा की झेरॉक्स, कसं कळणार? ओरिजिनल दाखवा."

"ओरिजिनलच हाय की! आत बसलंय."

"मग बाहेर काढा."

गुरप्पांनी कोपरा धरून जोर लावला. प्लास्टिक निघालं, त्याबरोबर वडिलांचं नावही निघालं.

"अहो, भारतीय कशावरून म्हणायचं तुम्हाला?"

"सायेब, भारतीय नसतो तर पासपोर्ट लॅमिनेट केला असता व्हय?"

साहेब पोट धरून हसले. पण हसण्यावर पासपोर्ट मिळत नाही.

आता प्रश्न अब्रूचा होता. पेठेत तोंड कसं दाखवायचं? गुरप्पांनी नईमच्या हातापाया पडून त्याला गप्प केलं. "सगळ्यास्नी सांग, मालक दुसऱ्या ग्रुपबरोबर आजच पुढं गेले."

"आठवडाभर करकंबला माझ्या माहेरी ऱ्हावा," दानेश्वरी म्हणाली. "आन् तोंड बंद ठेवा!"

पहाटेच्या एसटीनं गुरप्पा करकंबला उतरले. स्टँडवरच मेव्हणा युवराज भेटला. चाकांची बॅग आणि गॉगल बघून तो हरखला.

"दाजी! थायलंडवरनं सरळ आमच्याकडं?"

"व्हय," गुरप्पा म्हणाले. दुसरं काय म्हणणार बिचारे!

जेवून ते निवांत झोपले. जागे झाले ते फोनच्या टुणटुणीनं. युवराजनं फोटो टाकला होता. करकंबच्या चौकात नवाकोरा फ्लेक्स! 'थायलंड दौरा यशस्वी करून आलेल्या दाजींचे हार्दिक स्वागत!' फोटो फिरत फिरत भवानी पेठेच्या ग्रुपवरही पोचला होता. खाली सहलीला निघालेल्या शेजारच्या चन्नप्पाचा मेसेज होता.

"गुरप्पा, जाऊन आलासुद्धा? आमी अजून पेठंतच हाय की! गाडीत सामान चढवाय लागलोय!"