अंबुजाबाईंचा एक रसिक

आमच्या मजल्यावरचे सेतुमाधवराव स्वतःचं वय सांगत नाहीत. कुणी विचारलंच तर आत जाऊन शाळेचा दाखला घेऊन येतात आणि समोर धरतात. "मी जन्मलों तेव्हा मी तिथे होतों, सरि, कबूल. पण माझी साक्ष माझ्याबद्दल कशी चालेल?"

नोकरीसाठी गावाकडून मद्रासेत येऊन मी वेलचेरीत राहायला आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला हा तंजावरी मराठी माणूस, इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा जो ज्ञानकोश असतो, त्याचा स्वयंसेवक आहे. लोक तिथे लेख लिहितात. सेतुकाका ते वगळायला लावतात.

सकाळची फिल्टर कॉफी झाली की ते अंगावर उपरणं घेऊन संगणकापुढे बसतात. स्वतःवर स्वतःच लेख लिहिणारे दंतवैद्य, मेव्हण्याच्या कंपनीचे गोडवे गाणारे मेव्हणे, आपल्या गुरूला 'जगद्विख्यात' ठरवणारे शिष्य, असे सगळे त्यांना वासावरून कळतात. मग ते वगळण्याचा प्रस्ताव मांडतात, त्यावर सात दिवस चर्चा चालते आणि बहुतेक वेळा लेख जातो. "सोर्स इल्लै, लेख इल्लै," संदर्भ नाही तर लेख नाही, एवढंच ते म्हणतात आणि दुसरी कॉफी स्वतः करून घेतात. घरात दुसरं कुणी नाही. मुलगा परदेशात असतो.

सांबार तंजावरच्या मराठी राजवाड्यात जन्मलं, असं इथला प्रत्येक तंजावरी मराठी माणूस छाती फुगवून सांगतो. सेतुकाकांपुढे एकदा मी ते बोलून बसले. "दंतकथा," ते म्हणाले. मग तो लेख दुरुस्त का करत नाही, असं विचारलं, तर पळीने मलाच सांबार वाढत म्हणाले, "मी तंजावरचा. त्या विषयास मी हात लावूं नये." सख्ख्या भाच्याच्या कंपनीवरचा लेख आला, तेव्हा त्यांनी चर्चेच्या पानावर आधी 'हा माझा भाचा' असं जाहीर केलं आणि मग लेखात जाहिरात कुठे कुठे आहे, याची यादी दिली. भाच्याने दिवाळीचा फोन बंद केला. काकांना त्याचं वाईट वाटलं, पण यादी त्यांनी मागे घेतली नाही.

अशा माणसाचं भलं करायला जाऊ नये. मी गेले.

त्यांच्या हॉलमध्ये त्यांच्या पत्नीचा फोटो आहे. नऊवारी, हातात चिपळ्या, तोंड गाता गाता उघडलेलं. अंबुजाबाई. मराठी आणि तमिळ, दोन्हींत हरिकथा करायच्या. आजारपणात त्या गेल्या, मी इथे यायच्या बऱ्याच आधी. काका त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते, की कथेत ते मागे उभे राहून टाळ धरायचे आणि ताल चुकला तर ती मान न वळवता नुसती बोटं हलवायची. शेकडो माणसांचं भवितव्य ठरवणाऱ्या या गृहस्थाच्या घरच्या माणसावर त्या कोशात एक ओळ नसावी, हे मला लागलं.

सिरुसेरीच्या ऑफिसला जाताना बसमध्ये मी अंबुजाबाईंवर लेख लिहायला घेतला. मैलापुरातल्या एका मराठी मंडळींच्या संस्थेच्या कपाटात मला जुनी स्मरणिका सापडली. तिच्यात अंबुजाबाईंवर दोन पानांचा लेख होता, खाली सही 'एक रसिक'. काय लिहिलं होतं! बाईंनी एका शब्दावर श्वास कसा थांबवला, त्यावर अख्खा परिच्छेद. तो संदर्भ लावून मी लेख कोशात चढवला आणि काकांना सांगितलं नाही. म्हटलं, एक दिवस आपोआप दिसेल.

दिसला, पण आधी दुसऱ्याच कुणाला. कुठल्याशा गावच्या एका सदस्याने वगळण्याचा प्रस्ताव टाकला. मी घाबरून रोज चर्चा बघत होते. सुदैवाने वारा आमच्या बाजूने होता. तिघांनी लिहिलं, स्मरणिकेतला लेख सविस्तर आहे, लिहिणारा त्रयस्थ दिसतो, लेख ठेवावा. शेवटचा एक दिवस उरला होता.

त्या सकाळी चर्चेत सेतुमाधवरावांची नोंद आली.

'लेखाचा विषय माझी दिवंगत पत्नी आहे. म्हणून मी मत देत नाही. मात्र स्मरणिकेतील "एक रसिक" मीच आहे. तो संदर्भ त्रयस्थ मानूं नये.'

तिघांनी आपापली मतं फिरवली. दुसऱ्या दिवशी लेख गेला.

मी त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा मला राग आवरत नव्हता. "काका, तो लेख मी लिहिला होता."

"ठाऊक आहे, अम्मा. भाषा तुमच्या बाजूची होती. आत या."

"मग गप्प बसायला काय झालं होतं? कोण विचारायला येणार होतं तुम्हाला?"

"त्या दंतवैद्यास बायको असेल की नाही? तिलाही वाईट वाटलं असेल." त्यांनी कॉफी पेल्यातून डबऱ्यात, त्या खोलगट वाटीत ओतली, गार करण्याच्या निमित्ताने बराच वेळ वरखाली करत राहिले. "ते अस्कें, सगळे लेख, मी काढविलों. हें एक कसें ठेवूं?"

मी विचारलं, "मग निदान स्मरणिकेतल्या त्या लेखावर आपलं नाव तरी का नाही घातलंत तेव्हा?"

"नवऱ्याची स्तुती ती धरीत नव्हती. मी वाहवा म्हणालों की म्हणायची, घरचं माणूस, तुम्ही म्हणणारच. म्हणून नाव लपविलों." ते पहिल्यांदा हसले. "ती दोन पानं तिने पोथीत ठेविली. मद्रासेत एक तरी माणूस माझं गाणं समजतो, म्हणायची. मग प्रत्येक कथेस पुढच्या रांगांत त्यास शोधायची. कोणी जागेवर मान हलविली की घरी येऊन सांगायची, आज तो आला होता."

"आणि तुम्ही?"

"मी मागे. टाळ धरून."

"काका, कधीच सांगितलं नाहीत त्यांना?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डबरा खाली ठेवला, पण माझ्यापुढे सरकवायचं विसरले.

"आस्पत्रीत होती तेव्हा म्हणाली, त्या रसिकास कळवा, मी आजारी आहे म्हणून. मी म्हणालों, कळवितों. दोन दिवसांनी विचारली, तो येऊन गेला का? मी शेजारीच बसलों होतों, अम्मा." ते फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "म्हणालों, आला होता. तू निजली होतीस."