सामंतकाकांची न तापणारी गाडी

लोक चहा चमच्याने ढवळतात. आमचे सामंतकाका थर्मामीटरने ढवळत. इतर पुरुष शर्टाच्या खिशात पेन ठेवतात तिथे त्यांचा काचेचा लांबट थर्मामीटर असे. कुणाकडेही गेले आणि कप हातात आला की आधी तो आत जाई. मग काका चष्मा कपाळावर चढवून पारा वाचत आणि "थांबू या जरा" म्हणत. चहा करणारी बाई तेवढ्या वेळात दहावीच्या निकालाची वाट बघत असल्यासारखी उभी राही. मी तर नंतर नंतर त्यांना पाणीच द्यायला लागले. त्यातही त्यांनी थर्मामीटर घातला.

मुंबईतल्या एका कारखान्याच्या बॉयलरवर त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते वसईत, गिरीजच्या रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मूळचे मालवणकडचे. "निदान आधी, इलाज मागून," हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणाला ताप आला की ते गोळीच्या आधी कारण विचारत आणि कारण सापडेपर्यंत गोळी देऊ देत नसत. त्यामुळे मुलं आजारी पडली की आया दार लावून घेत.

मे महिन्यातही काका पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, मनगटाची बटणं लावून. त्याचं कारण मला सामंतकाकूंनी एकदा भाजी निवडताना सांगितलं. वज्रेश्वरीला जाताना वाटेत त्यांची गाडी उकळली होती. गरम झाकण उघडू नका म्हणून जन्मभर दुसऱ्यांवर ओरडलेल्या या माणसाने स्वतः रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी मानेपासून मनगटापर्यंत आलं. काका कितीतरी दिवस अंथरुणात होते. उठले तेव्हा काकूंनी त्यांच्याकडून वचन घेतलं की पुन्हा कधी गाडीच्या बॉनेटला हात लावायचा नाही. काकूंचा आवाज इतका बारीक की पंख्याच्या घरघरीपुढेही ऐकू येत नसे, पण काकांनी ते वचन पाळलं.

पुढे काका पुन्हा गाडी चालवायला लागले आणि आमच्या सोसायटीला वर्षभर पुरेल असा विषय मिळाला. त्यांची ती सायीच्या रंगाची जुनी गाडी आता तापेचना. तापमान दाखवणारी सुई चालू इंजिनात मधोमध हवी, ती कायम तळाशी पडून राही.

"मग बरंय की," दुसऱ्या मजल्यावरचे पाटणकर म्हणाले. "आमची चढणीला भट्टी होते. तुमची थंड राहते, तर तुम्हाला दुखतंय कुठे?"

"पाटणकर, तुमच्या अंगाचा ताप चौऱ्याण्णववर आला तर पेढे वाटाल काय?" काका म्हणाले. "इंजिनाला त्याचा म्हणून एक ताप लागतो. थंड इंजिन पेट्रोल पितं, तेल घट्ट होतं, आतून झिजतं. दिसत नाही म्हणून आजार नाही असं नसतं."

आता बॉनेट न उघडता इंजिन तपासायचं म्हणजे पेशंट पडद्याआड बसवून नाडी बघण्यातला प्रकार. काकांनी तो केला. पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर होता, म्हणून राजोडीच्या किनाऱ्यापासून वालीवपर्यंत गाडी हाणून पाहिली. सुई दोन्हीकडे तळाशीच. मग जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा पुढच्या जाळीला बांधला. गणपतीचं चित्र लावून हिंडणारी ती गाडी पाहून वाटेत दोघातिघांनी नमस्कार केला. मग सुईच खोटं बोलत असेल म्हणून सुई बदलून घेतली. मी वालीवला एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला होते. एक दिवस काका म्हणाले, "चल गो सुलभा, तुला सोडतो. वजन वाढवून बघायचंय." माझ्या वजनाचा जगात कुणाला तरी उपयोग झाला, पण सुई हलली नाही.

काकू या सगळ्यात मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन गप्प बसलेल्या असत. अधूनमधून विचारत, "अहो, खालीच आहे ना?"

"खालीच आहे!" काका वैतागून म्हणत.

सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना पाटणकरांनी त्यांना पुन्हा डिवचलं. काका उठून उभे राहिले. "सोसायटीच्या सत्यनारायणापर्यंत कारण शोधून सगळ्यांसमोर सांगतो," ते म्हणाले. "नाही सापडलं तर हा थर्मामीटर खिशातून जाईल आणि तापमान हा शब्द पुन्हा माझ्या तोंडी येणार नाही." बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या. पण मी काकांचं तोंड पाहिलं होतं. बॉयलर सुटल्यावर त्या माणसाकडे स्वतःचं म्हणून जे काही उरलं होतं, ते त्यांनी पणाला लावलं होतं.

पूजेच्या आदल्या शनिवारी त्यांनी मला पुन्हा गाडीत घातलं आणि ती थेट पास्कूच्या गॅरेजसमोर थांबवली. पास्कू गिरीजचा, गॅरेज वालीवला. वज्रेश्वरीच्या भानगडीनंतर गाडी त्यानेच दुरुस्त केली होती.

काकांनी खिशातून एक नवी कोरी, बारकीशी झडप काढली. मला म्हणाले, "हा थर्मोस्टॅट. इंजिन गार असेपर्यंत पाणी अडवून धरतो, तापलं की सोडतो. बाकी सगळं तपासून झालं. उरला हाच." मग पास्कूला म्हणाले, "हात लावणार नाही असं वचन आहे. बघणार नाही असं नाही. उघड."

"साहेब, तो नवाच टाकलाय, तुमाला बोललो ना मागे."

"उघड, पास्कू."

पास्कूने माझ्याकडे पाहिलं, गॅरेजच्या छताकडे पाहिलं आणि पाना घेतला. झाकण निघालं. झडपेची जागा रिकामी होती. पाणी अडवायला तिथे काही नव्हतंच, मग ते इंजिन तापणार कशाने?

काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता पास्कूला मिठी मारतात. "बघितलंस?" ते म्हणाले. "निदान! पण काय रे, काढला कुणी?"

"मीच काडला, साहेब," पास्कू हात पुसत म्हणाला. "तुमी बिछान्यात होता तवा बाई आलेल्या. रडत होत्या. बोलल्या, पास्कू, असं कायतरी कर की ही गाडी जन्मात तापली नाय पायजे. यांना कोन समजावनार, ते परत झाकन उघडतील. मग काय, काडून टाकला. लय लोक काडतात. वर मला मरियामातेची शपथ घातली, साहेबांना सांगायचं नाय म्हनून. हिंदू बाई, पन शपथ बरोबर घातली."

काका डाव्या बाहीचं बटण उगाच काढून पुन्हा लावत राहिले. मग नवी झडप पास्कूच्या हातावर ठेवली.

"ठेव तुझ्याकडे. कुणाच्या तरी गाडीला होईल."

"बसवायची नाय?"

"नाही. आणि मी आलो होतो हे बाईंना कळता कामा नये."

"आता तुमची पन शपथ?" पास्कू म्हणाला. काकांनी मान हलवली. येताना ते एवढंच म्हणाले, "सुलभा, तूसुद्धा."

पूजेच्या दिवशी आरती झाली, प्रसाद फिरू लागला आणि पाटणकर वाट बघतच होते. "काय सामंत, लागला का शोध?"

काकू शिऱ्याचं ताट घेऊन आमच्याच ओळीत होत्या. त्यांचा हात वाटीवर तसाच थांबला. मला वाटलं, काका आता निदान सांगतील. काकूंचं नाव गाळूनही सांगता आलं असतं, पण मग झडप बसवावी लागली असती.

"नाही सापडलं," काका म्हणाले. "हरलो."

पाटणकर मोठ्याने हसले. सगळेच हसले. काकांनी खिशातून थर्मामीटर काढला आणि काकूंना दिला. "आत ठेवून दे कुठेतरी."

"जाऊ द्या हो," काकू म्हणाल्या. सुटल्यासारखा श्वास टाकून त्यांनी काकांच्या पानात जरा जास्तच शिरा वाढला. मला त्या म्हाताऱ्याची इतकी माया आली की मला पाटणकरांना ओरडून सगळं सांगावंसं वाटत होतं. शपथ आडवी आली.

त्यानंतर काका आमच्याकडे चहाला आले आणि पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड भाजलं. मी हसले नाही.

गाडी पुढेही ते तशीच चालवत. एकदा मला स्टेशनवर सोडायला दोघं आले होते. मागच्या सीटवरून काकूंनी मान पुढे काढली.

"अहो, खालीच आहे ना?"

काकांनी सुईकडे बघितलं. "खालीच आहे," ते म्हणाले. "काय कारण असेल, कोण जाणे."