सरकारी अंगठा

गंगव्वा आपल्या डाव्या अंगठ्याला कसलंही काम लावत नसे. मिरच्यांची देठं ती उजव्या हातानं खुडायची. लसूण सोलायच्या भानगडीत न पडता सालासकट ठेचायची. भाकरी थापताना तर डावा अंगठा असा वर काढून ठेवायची, की बघणाऱ्याला वाटावं बाईला गळू झालंय. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं.

"ह्यो माझा न्हवं. सरकारी हाय."

आमची गल्ली कोल्हापूरच्या कडेला, कागलच्या रस्त्यावर. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आणि गिरणीच्या मागं गंगव्वाची एक खोली. ती मूळची गडहिंग्लजकडची. तिच्या बोलण्यात मधूनच कानडी डोकावायचं आणि मला ती 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. नवरा गुळाच्या बाजारात हमाली करता करता गेला. मूलबाळ नव्हतं. "गडहिंग्लजची माणसं येणार हैत," असं ती येताजाता सांगायची, पण त्या माणसांना आमच्या गल्लीत कुणी कधी पाहिलं नाही.

तिला सरकारची निराधारांची पेन्शन होती. ती मनीऑर्डरीनं घरी यायची. गंगव्वा तिला पेन्शन म्हणत नसे, 'पगार' म्हणायची. आणि 'निराधार' या शब्दावर तर तिचा भारी राग. "आधार न्हाई कसा? सरकार हाय की!" सरकार म्हणजे तिच्या दृष्टीनं लांबच्या गावी नोकरीला असलेला कुणी दीर असावा. मनीऑर्डर वेळेवर आली की "आठवण हाय म्हणायची", आणि उशीर झाला की "आजारीबिजारी पडलं का काय?"

तर, ज्याला सही येते त्यानं मनीऑर्डरीवर सही करायची, ज्याला येत नाही त्यानं अंगठा उठवायचा, आणि अंगठ्याशेजारी एका लिहिता येणाऱ्या माणसानं साक्षीदार म्हणून सही करायची, अशी पोस्टाची रीत. मी प्राथमिक शिक्षक. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी घरी. साहजिकच गंगव्वाचा कायमचा साक्षीदार मी झालो.

हे काम मिनिटभराचं आहे असं ज्याला वाटेल त्यानं गंगव्वा पाहिलेली नाही. पोस्टमन दिसला की ती आधी अंगठा गरम पाण्यानं धुवायची, मग त्यावर लिंबाची फोड चोळायची आणि पदरानं पुसून उन्हात धरायची. तोवर आम्ही घोंगड्यावर बसलेलो. पोस्टमन वर्षानुवर्षं तोच, तरी तिच्या लेखी पाहुणाच. "बसा की पावणं, आसं काय करतासा? उप्पीट झालंच बगा." उप्पीट व्हायचं, आल्याचा चहा व्हायचा, आणि एवढं झाल्यावर बाईंना आठवायचं की साक्षीदार एकच आहे.

"एकाचं काय खरं? दोन पायजेत."

"अव्वा, नेमात एकच हाय," पोस्टमन म्हणायचा.

"तुमच्या नेमात आसंल. माझ्यात दोन."

मग दुसऱ्याचा शोध. रस्त्यानं जाणारा कुणीही चालायचा. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला तिनं धरून आणलं. कागदावर दुसऱ्या सहीला जागाच नाही, असं पोस्टमननं कळवळून सांगितलं, तर ही म्हणाली, "मग नुसतं बगत ऱ्हाऊ दे. बगाय काय जातंय त्येचं?" तो बिचारा उप्पीट खात बघत राहिला. अखेर अंगठा उमटायचा. "उटला न्हवं ब्येस?" असं ती एकेकाला विचारायची, आणि शाई न धुता ते निळं बोट दोन-चार दिवस गल्लीभर मिरवायची.

"ह्या बाईच्या एका मनीऑर्डरीत माझी निम्मी डाक वाटून झाली असती," असं पोस्टमन माझ्याकडे कुरकुरायचा. पण त्या दिवशी तो तिचं घर मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवायचा आणि घरून जेवून यायचा नाही, हे मी बघून ठेवलं होतं.

मध्यंतरी साक्षरतेची मोहीम निघाली. तालमीच्या माडीवरचा वर्ग माझ्याकडे आला. आता माझ्या शिकवण्याबद्दल मीच काय बोलावं, पण भिंतीलासुद्धा बाराखडी यावी असा माझा लौकिक. पहिल्याच आठवड्यात मी जाहीर केलं की गंगव्वा दिवाळीच्या आत सही करणार. वर्गाला सगळ्यात आधी तीच यायची. पाटी घेऊन पुढं बसायची, सगळ्यांची सुखदुःखं विचारायची आणि जिना उतरायची सगळ्यांच्या शेवटी. फक्त 'ग' येईना. कधी त्याचा विळा व्हायचा, कधी खुरपं. काना तर तिनं कुठं कुठं दिला ते विचारू नका. दिवाळी गेली, पुढची दिवाळी आली. मी डोक्याला हात लावला की तीच माझी समजूत घालायची.

"माझं डोस्कं म्हंजे दगुड हाय तम्मा. तू वाईट वाटून घिऊ नगंस."

तिच्या समोर राहणारी हौसाबाई मात्र सही शिकली. तिलाही पेन्शन होती. त्या महिन्यात पोस्टमननं उंबऱ्याबाहेरच तिची सही घेतली, पैसे हातावर ठेवले आणि चप्पलही न काढता तो निघाला. हौसाबाई खुशीत. दारात उभी राहून हे बघणारी गंगव्वा मात्र हळहळली. "बिच्चारी हौसाबाई!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. बाईचा जळफळाट झालाय असं मला वाटलं.

एका दुपारी मी तिची वाटी परत द्यायला गेलो. पगाराचा दिवस नव्हता. आतून बोलण्याचा आवाज आला. म्हटलं, आली वाटतं गडहिंग्लजची माणसं! दार अर्धं लोटलेलं होतं. आत गंगव्वा एकटी, दाराकडे पाठ करून बसलेली. शेंगदाणे बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा तिनं गुडघ्यावर सारखा केला होता आणि मोठ्यानं वाचत होती. "बैलांचा बाजार भरणार असून शेतकरी बांधवांनी लाभ घ्यावा." कुठं अडखळणं नाही. मग थांबून तिनं स्वतःलाच उत्तर दिलं, "बरं झालं की." तुकडा उलटा केला आणि मागची बाजू वाचायला लागली.

पहिल्यांदा माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. दोन दिवाळ्या या बाईनं मला 'ग'च्या पायी रडवलं होतं! पण पाऊल आत पडेना. उंबऱ्याबाहेर सही करणारी हौसाबाई डोळ्यांपुढं आली, आणि घोंगड्यावरचे आम्ही आलो. सही आली असती तर मी लागलो नसतो, मीटरवाला लागला नसता, उप्पीट लागलं नसतं. वाटी तशीच घेऊन मी घरी परतलो. हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

पुढं काही वर्षांनी पेन्शन बँकेत जमा व्हायला लागली. सरकारच्या दृष्टीनं चांगलीच सोय. त्या महिन्यात गंगव्वा सवयीनं अंगठा धुऊन दारात बसली. पोस्टमन दुसऱ्यांची पत्रं टाकत आला, तिच्यापाशी थांबला.

"अव्वा, आता बँक. माझ्याकडं न्हाई काय."

"मग नुसतं बसा की पावणं."

तो बसला, पाणी प्याला आणि लवकर उठला. त्याचीही बदली होणार होती. त्यानंतर गंगव्वा भाकरी थापताना डावा अंगठा वापरायला लागली. गल्लीत ते दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसेल. मला ते बघवेना.

खातं उघडायला तिला घेऊन मीच बँकेत गेलो. बँक स्टँडजवळ, चकचकीत काउंटर, मागं एक तरुण पोरगी. बोलायला गोड. "आजी, सही येते का? सही येत असेल तर छान. पासबुक घेऊन तुमच्या तुम्ही या, दोन मिनिटांत काम होईल. अंगठा असेल तर मात्र दर वेळी ओळखीचा माणूस बरोबर आणावा लागेल."

गंगव्वानं माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलायचं तर माझ्यादेखत, ज्यानं तिला शिकवलं त्याच्यादेखत बोलायला हवं होतं, आणि दर महिन्याला मी येईन का, हेही तिला माहीत नव्हतं.

"कुठली सही हो," मी म्हणालो. "मी स्वतः शिकवायला होतो. दगड आहे नुसता. अंगठाच घ्या."

"पण दर महिन्याला येणार कोण?"

"मी आहे की."

गंगव्वानं पदरानं अंगठा पुसला, पुसतच राहिली, आणि मग असा दाबला की शाई कडेनं बाहेर आली. "उटला न्हवं ब्येस?" तिनं त्या पोरीला विचारलं. पोरगी हसली.

बाहेर पडून आम्ही स्टँडवर आलो. माझं लक्ष कुठं होतं कोण जाणे, समोर लागलेल्या गाडीत मी चढायला लागलो. गंगव्वानं मागून सदरा खेचला.

"आरं तम्मा, खुळा का काय? ही न्हवं आपली. ही जोतिबाला जाती."

गाडीच्या काचेवर पाटी होती. ती मी आता वाचली. मागं वळलो तर गंगव्वाचा चेहरा उतरलेला. सदरा तिनं अजून सोडला नव्हता.

"रंगावरनं वळकली बग," ती हळूच म्हणाली.

स्टँडवरच्या झाडून सगळ्या एसट्या लालभडक होत्या.

"व्हय की," मी म्हणालो. "हिचा रंग जरा येगळाच हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग सदरा सोडून तिनं पदरानं डोळे पुसले आणि कागलच्या गाडीकडं चालायला लागली. चार पावलांवर थांबून नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"म्होरल्या म्हैन्याला बायकूलाबी आण. एकाचं काय खरं?"